छायाचित्राच्या संमतिपत्राचे भाष्य

विकिमीडिया कॉमन्स हे २००४ साली सुरू झालेले मुक्त चित्रांचे भांडार. मराठी विकिपीडियावर दिसणारी बहुतेक छायाचित्रे तिथूनच येतात. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो तिथे चढवायचा असेल, तर हक्कदाराकडून ठरावीक मजकुराचे संमतिपत्र ईमेलने मागवतात. मजकूर जेमतेम सहा-सात वाक्यांचा आहे आणि पुष्कळ जण तो न वाचताच खाली नाव टाकून पाठवून देतात. मग फोटो उडतो आणि विकिपीडियावरचे पान पुन्हा चित्राविना राहते. म्हणून त्या मजकुराचा आशय मराठीत घेऊन ओळीओळीने हे भाष्य.

‘मी या कृतीचा कर्ता आहे, अथवा तिच्या संपूर्ण स्वामित्वहक्काचा एकमेव धनी आहे.’

पत्राचा सगळा भार या ओळीवर आहे. कर्ता आणि धनी ही दोन माणसे वेगळी असू शकतात, हे इथे गृहीत धरले आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम २ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. फोटोत जो दिसतो तो कर्ता नव्हे, आणि ज्याच्या कपाटात प्रत आहे तोही नव्हे. एखाद्या कवीची मुलगी अल्बममधला वडिलांचा कृष्णधवल फोटो काढून देते आणि मनापासून म्हणते, ‘आमच्या घरातलाच आहे, वापरा की.’ तिच्या मालकीचा आहे तो कागद. फोटो वडिलांच्या एखाद्या स्नेह्याने हौसेने काढला असेल, तर हक्क त्या स्नेह्याचा, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांचा. मुलीने सही केली तरी ते पत्र पोकळच राहते.

धनी कोण, हे कलम १७ सांगते, आणि इथे पुष्कळांचा समज उलटा असतो. पैसे मोजून, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला धनी स्टुडिओवाला नव्हे, पैसे देणारा. म्हणजे त्याच कवीने स्टुडिओत जाऊन, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर हक्क कवीचा, आणि पुढे त्याच्या वारसांचा. तेव्हा मुलगी सही करू शकते. भावंडे असतील तर त्यांचीही संमती लागते, कारण पत्रात ‘एकमेव’ म्हटले आहे. वृत्तपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराचे तिसरेच: करार नसेल तर वृत्तपत्रात वा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सगळा छायाचित्रकाराचा. सरकारसाठी काढलेल्या फोटोचा पहिला धनी सरकार.

जुना फोटो हाती आला की आधी उलटून पाहावा. मागे स्टुडिओचा जांभळा रबरी शिक्का असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक. शिक्क्यावरून फोटो कुणी काढला ते कळते. पैसे कुणी दिले ते कळत नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्यांना विचारावे लागते, आणि तेच सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

‘ही संमती सोबत जोडलेल्या कृतीसाठी आहे.’

वाक्य निरुपद्रवी वाटते. पण एका फोटोत दोन कृती असू शकतात. चित्राचा फोटो काढला, की फोटो माझा असला तरी चित्र चित्रकाराचेच राहते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र घ्या. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. चित्र त्यांचे असते तर ते केव्हाच मुक्त झाले असते. पण चित्र आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, आणि ते वारले १९६८ मध्ये. कलम २२ प्रमाणे कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे मोजायची. म्हणजे भारतात हे चित्र १ जानेवारी २०२९ ला मुक्त होईल. नाव चुकले की मुदतही चुकते. शिवाय कॉमन्सला मूळ देशाबरोबर अमेरिकेचा कायदाही पाहावा लागतो, आणि तिथली मुदत वेगळी असू शकते.

सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा आणि इमारत यांना कलम ५२ ने सूट दिली आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरच्या शिवछत्रपतींच्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो खुशाल द्यावा. भिंतीवरचे रंगवलेले चित्र किंवा सिनेमाचे पोस्टर या सवलतीत धरले जात नाही.

‘ती मी सीसी-बाय-एसए ४.० या मुक्त परवान्याखाली देत आहे. कुणीही तिचा वापर, व्यापारासाठीसुद्धा, करू शकेल आणि गरजेप्रमाणे तीत बदल करू शकेल.’

देणारे अडखळतात ते इथे. ‘शिक्षणासाठी वापरा, पण कुणी विकू नये’ ही अट मला समजते. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून फोटो काढलेल्या माणसाने ती घातली तर त्यात गैर काही नाही. पण कॉमन्स ती स्वीकारत नाही. ‘बदल करू नये’ हीही नाही. मुक्त ज्ञानाचे पुस्तक छापून विकायचे तर त्यातले चित्रही विकता आले पाहिजे, हे त्यामागचे कारण, आणि मला ते पटते. ज्याला पटत नाही त्याने सही करू नये. कमी प्रतीची, लहान आकाराची प्रत देऊन मोठी स्वतःकडे ठेवण्याची वाट पुष्कळ छायाचित्रकार धरतात. मात्र कृती एकच असेल तर परवाना मोठ्या प्रतीलाही लागू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

‘ही संमती विकिपीडियापुरती नाही, याची मला जाणीव आहे.’

‘विकिपीडियावर टाका, माझी हरकत नाही’ असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप अपुरा पडतो तो याच ओळीमुळे. कायद्यानेही तो लंगडाच. कलम ३० ला परवाना लेखी हवा. हक्क दुसऱ्याला देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती ५ वर्षे धरते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हेच नियम कलम ३०अ परवान्यालाही लावते. सीसी-बाय-एसए परवान्याच्या मजकुरात मात्र ‘जगभर’ आणि ‘हक्काच्या संपूर्ण मुदतीपर्यंत’ हे स्पष्ट लिहिलेले आहे.

‘हक्क माझ्याकडेच राहतो, आणि श्रेय मिळण्याचा अधिकारही.’

ही ओळ छायाचित्रकाराला आवर्जून वाचून दाखवावी. हक्क देऊन टाकायचा नाही, वापराची मुभा द्यायची. फोटो वापरणाऱ्याने नाव द्यायचे, परवाना सांगायचा, बदल केला असेल तर तसे नमूद करायचे आणि बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यायची. नाव गाळले की परवाना आपोआप संपतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर पुन्हा सुरू होतो. मराठी वृत्तपत्रे, वाहिन्या कॉमन्सवरचा फोटो घेऊन खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ छापतात. ही परवान्याची उघड पायमल्ली आहे. कलम ५७ तर हक्क विकून टाकल्यावरही कर्त्याला नावाचा अधिकार देते.

‘ही संमती मला मागे घेता येणार नाही.’

तंतोतंत खरे आहे. म्हणून फोटोतल्या माणसालाही आधी विचारावे. त्याचा खासगीपणा हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि छायाचित्रकाराच्या सहीने तो सुटत नाही.

पत्र हक्कदाराच्या स्वतःच्या ईमेलवरून गेले पाहिजे. स्वयंसेवक ते तपासतात आणि चित्राच्या पानावर नोंद करतात. परवानगीचा पुरावा नसल्याची खूण लागलेले चित्र ७ दिवसांनंतर काढून टाकता येते. तेव्हा ज्यांच्याकडे साहित्य संमेलनांचे, नाटकांचे, मोर्चांचे स्वतः काढलेले फोटो आहेत, त्यांनी हे पत्र आजच वाचावे, पटले तर स्वतः पाठवावे, आणि प्रत्येक फोटोमागे काढणाऱ्याचे नाव आणि साल लिहून ठेवावे.