६१ चे कोडे : फर्माचे आव्हान आणि भास्कराचार्यांचे उत्तर

१/९
फेब्रुवारी १६५७. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने समकालीन गणितज्ञांना आव्हान दिले : अशी वर्गसंख्या शोधा, जिला दिलेल्या अवर्ग संख्येने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच येईल. फ्रेनिकलला लिहिताना त्याने उदाहरणादाखल ६१ ही संख्या निवडली. हेच ६१ चे कोडे पाच शतकांपूर्वी भारतात सुटलेले होते, याची त्याला कल्पना नव्हती.

२/९
६१ च का? शेजारच्या संख्या पाहा. ६० साठी उत्तर सोपे : ४ चा वर्ग × ६० + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठीही तसेच : ८ चा वर्ग × ६२ + १ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे! एकेक संख्या तपासत तेथवर पोहोचणे मनुष्यास अशक्यप्राय.

३/९
भारतीय गणितात या प्रश्नाला 'वर्गप्रकृती' म्हणत. गुणक ती 'प्रकृती', लहान मूळ 'कनिष्ठ', मोठे मूळ 'ज्येष्ठ' आणि मिळवायची संख्या 'क्षेप'. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'भावना' ही रीत दिली : दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर घडवायचे.

४/९
भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात ६१ चे उदाहरण 'चक्रवाल' पद्धतीने सोडवले आहे. युक्ती अशी : क्षेप १ थेट शोधायचा नाही, कोणताही सोयीचा क्षेप घेऊन आरंभ करायचा आणि चक्र फिरवत १ पर्यंत यायचे.

५/९
आरंभ : कनिष्ठ १, ज्येष्ठ ८. कारण ६४ − ६१ = ३. क्षेप ३.
आता अशी संख्या निवडायची, जी ८ मध्ये मिळवल्यास बेरजेला ३ ने भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. ती संख्या ७.
नवे कनिष्ठ : (८ + ७) ÷ ३ = ५. नवे ज्येष्ठ : ३९.
पडताळा : १५२१ − ६१ × २५ = −४.

६/९
एकाच फेरीत क्षेप −४! येथून ब्रह्मगुप्ताची 'भावना' उपयोगी पडते. तिने कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८ आणि क्षेप −१ मिळतो. पुन्हा भावना केली की क्षेप १ : कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९.

७/९
मग श्रेय कोणाचे? युरोपात ब्राउंकरने स्वतंत्रपणे रीत शोधली. परंतु ऑयलरच्या गैरसमजामुळे समीकरणाला जॉन पेलचे नाव चिकटले, ते आजही कायम आहे. चक्रवालही एकट्या भास्कराचार्यांचे नव्हे. इ.स. १०७३ च्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव या आचार्यांचे चक्रवालविषयक श्लोक उद्धृत आहेत. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते उजेडात आणले.

८/९
स्वतः भास्कराचार्यांनी ही पद्धती आपली म्हणून मिरवली नाही. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या पूर्वसूरींचा उल्लेख केला आहे. एक उणीवही नोंदवायला हवी : चक्र दरवेळी १ वर पोहोचतेच, याची सिद्धता ग्रंथात नाही. अशा समीकरणाला नेहमी उत्तर असते, हे अठराव्या शतकात लग्रांजने सिद्ध केले.

९/९
इ.स. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. 'बीजगणित'चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये लंडनला छापले गेले. फर्माच्या आव्हानाला तोवर १६० वर्षे लोटली होती.