तिसरी पिन

गेल्या उन्हाळ्यात खाप्याच्या घरावर सोलर बसवायला दोन पोरं आली. शिडी लावायच्या आधी त्यातल्या एकाने मीटरजवळचा जुना लाकडी बोर्ड पाहिला आणि विचारलं, “काका, अर्थिंग कुठं आहे?”

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. या घराचं वायरिंग त्यांनीच केलेलं आहे, आणि आमच्या आळीतल्या बहुतेक घरांचंही.

त्या प्रश्नामुळे मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत बाबांची पक्कड, दोन टेस्टर, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्टिंग लॅम्प आणि टेस्ट रिपोर्टांच्या कार्बन प्रतींचा गठ्ठा होता. नवीन कनेक्शन घेताना घरातलं वायरिंग तपासल्याचा हा दाखला जोडावा लागतो. ग्राहकाचं नाव, किती पॉइंट, किती भार, इन्सुलेशन किती मेगओहम हे सगळं बाबांच्या हस्ताक्षरात आहे. खाली सही आणि शिक्का मात्र एका ठेकेदाराचा. ते गृहस्थ आमच्या आळीत कधी आल्याचं कुणालाच आठवत नाही.

वीजकामाचा इतिहास धरणं, औष्णिक केंद्रं आणि मेगावॉटच्या आकड्यांत लिहिला जातो. आमच्या भागाला तर ते सोपंच. खापरखेडा आणि कोराडी दोन्ही जवळ. कोराडीचा पहिला संच 1974 साली सुरू झाला आणि आज तिथे 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. पण केंद्रातली वीज घरातल्या बल्बपर्यंत जाते ती शेवटच्या वीस-पंचवीस फुटांतून, आणि ते वीस-पंचवीस फूट ज्यांनी ओढले त्यांची नोंद शोधायची तर असे गठ्ठेच उघडावे लागतात.

खापा कन्हानच्या काठचं जुनं गाव. नगरपालिका 1867 सालची. गुमगावची मँगनीजची खाण जवळच, पण गावाची ओळख विणकरांची. आजोबा हातमागावर बसत. बाबा सतरा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे 1974 साली, मागावर घर चालत नव्हतं. ते एका वायरमनच्या हाताखाली लागले. आजोबांना त्यात वावगं वाटलं नाही. धागा काय अन् तार काय, असं ते म्हणायचे.

(वायरमन हा शब्द आमच्याकडे खांबावर चढणाऱ्यालाही वापरतात. खरं तर तो लाईनमन, मंडळाचा पगारी माणूस. महावितरणने त्याला पुढे ‘जनमित्र’ केलं. घरात वायरिंग करणाऱ्याला सरकारी मराठीत ‘तारतंत्री’ म्हणतात. तो शब्द मी आयटीआयच्या पाटीवर वाचला आहे, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.)

बाबांनी सुरुवात केली ती बॅटन पट्टीवर. भिंतीत छन्नीने भोक पाडायचं, लाकडाची गिट्टी ठोकायची, तिच्यावर पट्टी आणि पट्टीवर क्लिपांनी वायर. तांबं महाग आणि परकीय चलनाची टंचाई, म्हणून त्या काळात देशभर ॲल्युमिनियमची वायर वापरली जाई. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड ढिला होतो, तापतो. बाबा दर दिवाळीआधी ओळखीच्या घरी जाऊन बोर्डातले स्क्रू आवळून यायचे. त्याचे पैसे नसत, चहा असे. मग पीव्हीसी पाइप आले, भिंतीला झिऱ्या मारून वायर आत गेली, तांबं परतलं, किटकॅटच्या जागी एमसीबी आली. मजुरी मात्र पॉइंटावरच ठरत राहिली.

आता त्या शिक्क्याबद्दल. 1956 च्या भारतीय वीज नियमांतला 45 वा नियम असं सांगतो की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने त्यावर देखरेख ठेवावी आणि परमिट असलेल्या कामगाराने ते करावं. 2003 चा वीज कायदा आला, त्याखाली 2010 चे आणि नंतर 2023 चे सुरक्षा विनियम आले, तरी ही तीन माणसांची रचना टिकली. रचना चांगलीच आहे. विजेचं काम कुणीही करू नये, हे मला मान्य आहे. पण बाबा एकट्याने तिघांचं काम करत होते आणि कागदावर तिघांपैकी एकही नव्हते. शिक्क्याचे पैसे वेगळे द्यावे लागत.

गठ्ठा चाळताना एक गोष्ट खटकली. इन्सुलेशनच्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा आहे, 5 मेगओहम. घर मातीचं असो की सिमेंटचं, मे महिना असो की ऑगस्ट.

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “मेगर कोणापाशी होता? टेस्टिंग लॅम्प लावून पाहो. लाइट नाही लागला, का पाच लिहो.”

त्याच गठ्ठ्यात एक कागद घडी घालून वेगळा ठेवलेला होता. ते घर आमच्यापासून चौथं. नागपूरकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. लोखंडी पेटी, खाली पाणी, पाण्यात पंप, बाजूंना ओल्या ताट्या. पंपाचं इन्सुलेशन गेलं की सगळी पेटी जिवंत होते. अर्थची तार असेल तर करंट तिच्यातून जमिनीत धावतो आणि फ्यूज उडतो. नसेल तर काहीच होत नाही, कुणीतरी ओल्या हाताने पेटीला शिवेपर्यंत. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. त्या काळी आमच्याकडे प्लगला तिसरी पिन असायची, पण तिच्यामागे बहुधा तार नसायची. असलीच तर नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. घरमालक म्हणायचा, दोन तारांनी लाइट लागतो ना, मग तिसरीचे पैसे कशाला?

त्या घरातली काकू ताटीवर पाणी टाकताना फेकली गेली. वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र नीट मिटली नाहीत पुढे. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे गेले, परसात खड्डा खणला, लोखंडी पत्रा, कोळसा आणि मीठ टाकलं, आणि घरभर तिसरी तार ओढली. पैसे घेतले नाहीत. आम्हाला हे आईने सांगितलं, तेही खूप वर्षांनी. त्यानंतर अर्थ नको म्हणणाऱ्याचं काम ते घेत नसत. काही घरं तेव्हा दुसऱ्याकडे गेली. स्वतःच्या घरात मात्र तो खड्डा राहूनच गेला. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आणि आता सोलर. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, अर्ज पोर्टलवर, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून. आमच्या छपरावर 540 वॅटचे सहा पॅनल. एकापुढे एक जोडले की भर दुपारी तीनशेच्या आसपास व्होल्ट, आणि तेही डीसी. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला वाव असतो. डीसीची ठिणगी जोड ढिला असला तर जळतच राहते. पोराने हे समजावलं तेव्हा बाबा खाटेवरून उठून जवळ आले. जोड कसा दाबतात, क्रिंपिंगची पक्कड कशी धरतात, हे त्यांनी दोनदा करून दाखवायला लावलं.

पोरगा आयटीआय झालेला. त्याच्याकडे मेगर होता. त्याने घराच्या एकेका सर्किटवर तो लावला. स्वयंपाकघराचं सर्किट नापास झालं. बाकीची पास. बाबांनी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायला लावला. स्वयंपाकघराचा आकडा आला तेव्हा म्हणाले, “लिही. जो आहे तोच लिही.”

मग तीन खड्डे खणले, एसीचा, डीसीचा आणि वीजरोधकाचा. पन्नास वर्षांत एकही नव्हता त्या घरात एका दिवसात तीन. बाबा आतून मिठाची पिशवी घेऊन आले.

“काका, आता मीठ नाही लागत. केमिकल येते पिशवीत.”

जेवायला बसल्यावर बाबांनी मजुरीचं विचारलं. किलोवॉटवर मिळते, म्हणाला. उन्हाळ्यात काम भरपूर, पावसात कमी. पॉइंटाचा किलोवॉट झाला एवढंच. पोर्टलवर त्याचं नाव येतं का? नाही, विक्रेत्याचं येतं.

“अन् परमिट आहे का बाबू तुह्यापाशी?”

पोरगा हसला. “ते साहेबांचं आहे ना, काका.”

बाबांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि त्याला नाव विचारलं.