हरकती, सूचना आणि बसमधला माणूस

रस्त्याचा आराखडा निघाला की पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोटीस येते, 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत'. ही सोय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातली, म्हणजे १९६६ ची. प्रारूप विकास आराखड्यावर ठरलेल्या मुदतीत कुणीही लेखी हरकत देऊ शकतो. कुणीही! पण देतो कोण? ज्याचं दुकान रेषेत येतं तो. बसमध्ये लटकणाऱ्याला नोटीस कळतच नाही.

बस लेनचं नेमकं इथेच अडतं. दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद बस लेन सुरू झाली. गाडीवाले वैतागले, प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१२ मध्ये याचिका फेटाळली गेली. रस्त्यावर गाड्या नाही, माणसं मोजायची, असा एकूण मुद्दा. तरी २०१६ मध्ये लेन उखडलीच. कोर्टात जिंकलेली बस रस्त्यावर हरली.

आता आपला पट्टा घ्या. बदलापूर आणि अंबरनाथ १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेले, १९९२ मध्ये बाहेर पडले. उल्हासनगरची महापालिका १९९६ ची. म्हणजे बदलापूर ते कल्याण सलग बस लेन आखायची तर चार स्थानिक संस्थांच्या हद्दी लागणार. दुकानदार आपापल्या हद्दीत हरकत देईल. प्रवासी मात्र चारही हद्दींतून जातो आणि कुठल्याच यादीत नसतो.

उपाय साधा आहे. नोटीस पेपरात द्या, पण बसस्टॉपवरही लावा. आणि सुनावणी रविवारी ठेवा, राव!