घरच्या सुताचे साधन : टकळी, चरखा की अंबर?

घरी सूत काढावयाचे मनात आले की पहिला प्रश्न साधनाचा. तो दुकानदाराला विचारण्यापूर्वी आपण इतिहासाला विचारून पाहू.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोठ्या मार्मिक होत्या. चरखा खेड्यातील साध्या घरात हाताने वा पायाने चालावा; बाईमाणसाला तो आठ तास चालविता यावा; तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे; किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि तो वीस वर्षे टिकावा. (एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर.) हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

का? साध्या चरख्यावर धागा ओढावयाचा, मग थांबून तो चातीवर गुंडाळावयाचा. वेग अडतो तो या थांबण्यापाशी. थांबणे टाळावे तर रूळ आणि दातेरी चाके आली. मग ती दुरुस्त कोणी करावयाची?

पुढे वाटा फुटल्या. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीचरखा सुधारला. मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके. पहिले दुसऱ्याला फिरविते, दुसरे चातीला. जागा वाचली, फेरे कमी झाले नाहीत. १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेने मुलांच्या हाती टकळी दिली. तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी मात्र रुळांचा मार्ग धरला. त्यांच्या अंबर चरख्यावर कातणे आणि गुंडाळणे एकदमच होते. १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने अंबरचा पुरस्कार केला, तो खेड्यातील बेकारीवर उपाय म्हणून.

तेव्हा निवड यंत्राची नव्हे, गरजेची करावी. हात बसवावयाचा असेल तर टकळी. मोडण्यासारखे तिच्यात काही नाहीच. घरच्यापुरते सूत हवे असेल तर पेटीचरखा. चार पैसे मिळवावयाचे असतील तर अंबर; पण त्याला दुरुस्त करणारा जवळ आहे का, ते आधी पाहावे. आणि पेळू वाईट असेल तर कोणत्याही साधनावर धागा तुटणारच, हेही विसरू नये.

लाखाचे बक्षीस तसेच राहिले. पण साधन पारखण्याची ती यादी आपल्याला मिळाली. खरेदीला निघताना तेवढी जवळ ठेवावी.