जुन्या मापकांतील गळक्या सेलची स्वच्छता

ब्रिटनमध्ये १९२३ साली ॲव्होमीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या तिन्ही एककांची मोजणी करणारे उपकरण म्हणून त्याला हे नाव मिळाले. १९५१ साली आलेल्या त्याच्या ‘मॉडेल ८’चे उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. अशा काट्याच्या मापकांत विद्युतदाब व प्रवाह मोजण्यासाठी सेलची गरज नसते. सेल केवळ रोध मोजताना उपयोगी पडतात. त्यामुळे सेल संपले तरी मापक काम देत राहते, त्यांचे विस्मरण होते आणि ते आतल्या आत गळू लागतात.

ही गळती दोन प्रकारची असते. जस्त-कार्बन सेलमध्ये जस्ताचे भांडे हाच ऋण अग्र असतो. वापरात ते झिजते, त्याला छिद्रे पडतात आणि अमोनियम क्लोराइड वा झिंक क्लोराइडचा आम्लधर्मी द्राव बाहेर येतो. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पोटॅशियम कार्बोनेटचे पांढरे स्फटिक बनते. दोन्ही प्रकारांवर सरसकट व्हिनेगर लावण्याची पद्धत म्हणूनच चुकीची होय. आम्लधर्मी अवशेषावर आम्ल लावल्यास धातूची झीज वाढते. सेलवरील मजकूर वाचता येत नसेल, तर डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेला लिटमस कागद अवशेषाला लावून पाहावा. तांबडा कागद निळा झाल्यास गळती अल्कधर्मी, निळा तांबडा झाल्यास आम्लधर्मी समजावी.

हातमोजे व चष्मा घालून प्रथम सेल काढावेत. कोरडी पूड मऊ कुंचल्याने झाडावी. ती फुंकू नये. मग कापूस गुंडाळलेल्या काडीने अल्कधर्मी अवशेषावर निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर, तर आम्लधर्मी अवशेषावर खाण्याच्या सोड्याचे द्रावण लावावे. द्रव कधीही ओतू नये. फेस थांबल्यावर डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा पुसून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे व उपकरण पूर्ण वाळू द्यावे.

संपर्कपट्ट्या खोडरबराने घासाव्यात. लोखंडी घासणी मात्र वर्ज्य मानावी. काट्याचे वेटोळे बलवान चुंबकाच्या अरुंद फटीत फिरते. लोखंडाचा बारीक कीस तेथे ओढला गेल्यास काटा अडकतो व मापक निकामी होते.

अल्कधर्मी द्राव तारेच्या आवरणाखालूनही दूरवर सरकतो. आतील तांबे काळे पडले असल्यास त्यावर डाख बसत नाही. अशी तार स्वच्छ तांबे दिसेपर्यंत कापावी किंवा बदलावी.

अखेरीस नवे सेल घालून, दोन्ही टोके जुळवून सर्वांत लहान रोधपल्ल्यावर काटा शून्यावर आणून पाहावा. तो शून्यापर्यंत पोहोचत नसेल, तर संपर्कात अद्याप रोध शिल्लक असण्याची शक्यता असते. काढलेले सेल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे जमा करावयाचे असतात. उपकरण महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल, तर सेल आधीच काढून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.