मानेचा हिसका

मानेचा हिसका : मोटारीला बहुधा मागून धक्का बसला असता मानेचे स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमधील सांधे व चकत्या यांना होणारी इजा. वैद्यकात तिला व्हिपलॅश, म्हणजे चाबकाचा फटकारा, हे नाव रूढ आहे. हॅरल्ड क्रो या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाने १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील एका वैद्यकीय सभेत हा शब्द वापरला. मान कशी हलते एवढेच त्याला सांगायचे होते. पुढे डॉक्टर, रुग्ण आणि वकिलांनी तो रोगाचे नाव म्हणूनच उचलला, याची क्रोला खंत वाटली.

सिग्नलला उभ्या गाडीवर मागची गाडी आदळते तेव्हा सीटची पाठ धडाला पुढे ढकलते. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके मात्र जडत्वामुळे क्षणभर होते तिथेच राहते. मान आधी सरळ मागे आणि मग पुढे झुकते, अशी जुनी समजूत होती. १९९०च्या दशकात मृतदेहांच्या मानांवर व स्वयंसेवकांवर केलेल्या जलद चित्रणातून वेगळेच दिसले. सेकंदाच्या सुमारे पहिल्या दहाव्या हिश्श्यात मानेचा कणा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा मुरडतो : खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे. या मुरडीत खालच्या मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे चिमटतात व त्यांची आवरणे ताणली जातात. स्नायू आवळून मानेला सावरतात, तोवर हे घडून गेलेले असते.

हे सांधे फार लहान असतात आणि त्यांच्या आवरणाची बारीक फाट एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्येही बहुधा नाही. ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखणे असलेल्या रुग्णांत या सांध्यांचे मज्जातंतू इंजेक्शनने बधिर करून पाहिले. जवळपास निम्म्या रुग्णांचे दुखणे तिथूनच येत असल्याचे आढळले. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे काही झालेले नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे, आणि तो ऐकावा लागलेल्या रुग्णांवर अन्याय करणारा आहे. गाडीच्या नुकसानीवरून मानेची इजा ठरवणेही तसेच. चेपणारा पत्रा धक्क्याचा काही भाग पचवतो. न चेपणारी टणक गाडी तो आत बसलेल्यापर्यंत पोहोचवते.

दुखणे अनेकदा लगेच सुरू होत नाही. माणूस गाडीतून उतरतो, समोरच्याशी बोलतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान धरलेली असते. डोक्याच्या मागच्या भागात ठणका, खांदे जड, गरगरल्यासारखे वाटणे, झोप न लागणे या तक्रारी त्याबरोबर येतात. कंबरेतही उसण भरल्यासारखे दुखू शकते. कॅनडातील क्वेबेक येथील तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये या इजेच्या पायऱ्या ठरवल्या. पहिलीत केवळ दुखणे व ताठरपणा, दुसरीत मान वळण्यावर मर्यादा किंवा दाबल्यावर ठराविक जागी वेदना, तिसरीत मज्जातंतूंची लक्षणे आणि चौथीत अस्थिभंग किंवा मणका सरकणे. बहुतेक रुग्ण पहिल्या दोन पायऱ्यांवर असतात.

हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, किंवा मान दोन्ही बाजूंना ४५ अंशही न वळणे, यांपैकी काही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पासष्टीपुढील व्यक्तीने धक्का लहान वाटला तरी तपासून घ्यावे. झिजेने अरुंद झालेल्या कण्यात मज्जारज्जूला किरकोळ हिसकाही बाधू शकतो. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत आहे, आणि न्हाव्याकडून मान मोडून घेण्याचीही. ताज्या हिसक्यावर हे कदापि करू नये. न कळलेला अस्थिभंग किंवा मानेतील रक्तवाहिनीची चीर असली, तर ते जिवावर बेतू शकते.

अस्थिभंग नाही हे कळल्यावर मात्र मान हलती ठेवणे हाच उत्तम उपचार. पूर्वी सर्रास दिला जाणारा पट्टा आता पहिल्या दोन पायऱ्यांच्या रुग्णांना सहसा देत नाहीत, कारण मान बांधून ठेवल्याने ताठरपणा वाढतो. सौम्य वेदनाशामके, शेक, दिवसातून अनेकदा हलके व्यायाम आणि शक्य तितक्या लवकर रोजची कामे, एवढ्यावर बरेच जण दोन-तीन महिन्यांत सावरतात. तरी जवळपास निम्म्यांना वर्षानंतरही काही ना काही दुखणे उरते. सुरुवातीची तीव्र वेदना आणि ‘आता मी बरा होणार नाही’ ही भीती, ही त्याची ठळक पूर्वचिन्हे होत.

भरपाईच्या लोभाने दुखणे वाढते, हा वाद जुनाच. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे-अपघातात होणाऱ्या मज्जासंस्थेच्या इजांवर पुस्तक लिहिले तेव्हाही तो रंगला होता. कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांताने १९९५ मध्ये यातना-भरपाईचे दावे बंद केल्यावर दावे घटले आणि लोक लवकर बरेही झाले. यावरून रुग्ण खोटे बोलत होते असे ठरत नाही. महिनोन्‌महिने आपले दुखणे सिद्ध करत राहणे हेच बरे होण्याच्या आड येते, असा अर्थ अधिक पटतो.

प्रतिबंधाचे साधन बहुतेक मोटारींत असते, ते म्हणजे हेडरेस्ट. मात्र ती खाली दाबलेली राहिली तर उपयोग होत नाही. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याजवळ यावी आणि डोके व तिच्यात चार बोटांहून अधिक अंतर नसावे. साब कंपनीने १९९७ मध्ये धक्क्याबरोबर पुढे सरकणारी हेडरेस्ट आणली. पाठोपाठ व्होल्वोने मागे झुकून धक्का शोषणारी सीट बनवली. स्त्रियांना ही इजा पुरुषांहून अधिक होते, तरी मागच्या धडकेच्या चाचण्यांतील पुतळे दशकानुदशके सरासरी पुरुषाच्या मापाचेच होते. सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये पुढे आणला.