आत्म्यांची पारख : दख्खनच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतील एक प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातील वाशी आणि तिच्या भोवतीची गावे बालाघाटाच्या पठारावर वसलेली असून सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या मोगलाईत मोडत होता. येथून बार्शीकडे उतरले की इंग्रजी अंमल सुरू होई. पावसाने हुलकावणी दिली की ज्वारी करपावी आणि माणसांनी गाव सोडावे, हा या पठाराचा जुना अनुभव आहे. येथील धर्मजीवनाचे दुसरे ठळक लक्षण म्हणजे अंगात येणे. जवळच्या येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेस येडेश्वरीची यात्रा भरते, तुळजापूरची भवानी तर अवघ्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी, आणि संबळ-हलगीच्या ठेक्यावर कुणाच्या तरी अंगात देवीचे वारे येणे हे या टापूत कुणालाही नवे नाही. अंगात आलेल्या व्यक्तीला ‘झाड’ म्हणतात, आणि गावकरी त्या झाडापुढे नुसते हात जोडून उभे राहत नाहीत, तर कोण आहेस, कुठून आलास, काय हवे आहे, असे प्रश्नही विचारतात. कारण आलेले वारे देवाचे की भुताचे हे ठरवल्याशिवाय पुढचा विधी होत नाही. अलौकिक दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो, ही जाणीव म्हणजे या भूमीला परदेशी धर्मोपदेशकांनी दिलेली देणगी नव्हे.

ख्रिस्ती धर्म मराठी मुलखात रुजू लागला तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहिला, मात्र त्याची कसोटी वेगळी होती. नव्या करारात या कसोटीला ‘आत्म्यांची पारख’ म्हटले आहे, आणि तिचा अर्थ असा की एखादी प्रेरणा, दर्शन, शिकवण किंवा सामर्थ्य देवापासून आलेले आहे, माणसाच्या स्वतःच्या मनातून उठलेले आहे, की फसवणाऱ्या दुष्ट शक्तीकडून आलेले आहे, याचा निवाडा करणे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा घेण्याची आज्ञा आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल सैतान तेजस्वी दूताचे रूप घेतो असा इशारा देतो. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखावे असे सांगितले आहे. या तिन्ही वचनांचा रोख एकच आहे: फसवणूक कुरूप चेहऱ्याने येत नाही, ती चांगुलपणाचा आणि पावित्र्याचा वेश घेऊन येते. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतानाने जे तीन मोह घातले, त्यांत उघड पापाचे आमंत्रण एकाच मोहात, म्हणजे जगाच्या राज्यांच्या बदल्यात त्याच्या पाया पडण्यात, होते. धोंड्यांची भाकर करणे हे भुकेल्याला वावगे वाटण्याजोगे नव्हते, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याच्या सूचनेला तर सैतानाने स्तोत्रसंहितेतल्या वचनाचा आधार जोडला होता. येशूने तिन्ही उत्तरे जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथातून दिली, आणि ज्याला शास्त्रवचन तोंडपाठ आहे तो मोहापासून सुरक्षित असतोच असे नाही, हे या एका प्रसंगातून ख्रिस्ती विचाराने कायमचे ध्यानात ठेवले.

मराठीत ही कथा सविस्तर प्रथम आली ती गोव्यात. इंग्लंडात १५४९ मध्ये जन्मलेला आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात आदाम आणि एवेला सर्पाने घातलेली भूल, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध रूपात येते. स्टीफन्सच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात, ज्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, मनात उठणाऱ्या हालचाली ओळखण्याचे नियमच बांधून दिले होते. सांत्वन, म्हणजे देवाकडे ओढणारा आनंद, आणि शुष्कता, म्हणजे श्रद्धा-आशा आटून गेल्यासारखी अवस्था, यांतला भेद ओळखावा. मन शुष्क असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. एखादा विचार सुरुवातीला पवित्र वाटला तरी त्याचा मध्य आणि शेवट कोठे नेतो ते पाहावे, असे त्या नियमांचे सार आहे. या शिस्तीत घडलेला माणूस मराठीत पुराण रचत होता, ही गोष्ट ‘क्रिस्तपुराण’ वाचताना नजरेआड करून चालत नाही.

देशावरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या मात्र दुसऱ्याच मुळाच्या. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले, तेथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, आणि १८६० च्या दशकात सोलापुरातही काम सुरू झाले. निजामाच्या हद्दीत जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, जे १८४३ मध्ये मुंबईत ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झाले होते, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. या मंडळ्यांना पारखीचा प्रश्न सर्वांत आधी दर्शनांच्या रूपात भेटला नाही, तो भाकरीच्या रूपात भेटला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९६ पासून शतकाच्या अखेरपर्यंत दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली, मिशनांनी अन्न आणि काम दिले, आणि त्या पाठोपाठ बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या वाढली. मागणारा ख्रिस्ताकडे आला आहे की धान्याच्या कोठाराकडे, हे पाळकाने कसे ओळखावे? या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, की भुकेल्याने भाकर मागणे हा मोह नव्हे आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. मोह होता तो देणाऱ्यापुढे. धोंड्यांची भाकर करून लोकांना आपल्या मागे ओढण्याची जी सूचना अरण्यात नाकारली गेली, तीच सूचना धान्य वाटणाऱ्या प्रत्येक उपदेशकापुढे उभी होती. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवाराला शिकवणे, त्याची वागणूक पाहणे आणि त्याला थांबायला लावणे ही मंडळ्यांची शिस्त म्हणूनच केवळ अर्जदारावरचा पहारा नव्हती, ती उपदेशकाच्या हव्यासालाही घातलेली वेसण होती. ही वेसण सर्वत्र घट्ट राहिली असे मानण्याचे कारण नाही, आणि धर्मांतरामागे प्रलोभन असते हा आरोप ज्या सातत्याने होत आला, त्यातला सगळाच भाग द्वेषातून आलेला नाही.

या आरोपाची धग सर्वांत जवळून सोसली ती पंडिता रमाबाईंनी. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास हलवले, आणि १८९३ मध्ये तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. बाहेरून हा वाद चालू असताना रमाबाईंच्या आत याहून कठोर तपासणी चालली होती. आपल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत विद्वत्तेने, प्रवासाने आणि जगभरच्या कीर्तीने मंडित झालेल्या एका स्त्रीने स्वतःच्या धर्मनिष्ठेलाच संशयाच्या कसोटीवर धरावे, याहून नेमके पारखीचे उदाहरण मराठी ख्रिस्ती साहित्यात क्वचितच मिळेल.

पुढे दुष्काळपीडित मुली आणि विधवा यांच्यासाठी दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. वेल्समध्ये १९०४ मध्ये सुरू झालेल्या संजीवनाच्या, म्हणजे मंडळीतील श्रद्धा एकाएकी जागी होऊन पश्चात्ताप आणि प्रार्थना यांची लाट उसळण्याच्या, वार्ता येत असताना जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे आवाहन केले. प्रथम सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला पवित्र आत्म्याच्या अग्नीने वेढल्याचा अनुभव आला, आणि तिच्याभोवती जाळ दिसल्याने खोलीतल्या दुसऱ्या स्त्रीने ती विझवायला पाण्याची बादली आणण्यासाठी धाव घेतली. पुढच्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना सभेतल्या मुली मोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आणि त्यानंतर कित्येक दिवस सदनाचे नेहमीचे वर्ग आणि कामे बाजूला राहिली. थरथरणे, अंगाचा दाह, एकाच वेळी शेकडोंनी मोठ्या आवाजात केलेली प्रार्थना, दर्शने, आणि १९०६ च्या अखेरीपासून अन्य भाषांत बोलणे, म्हणजे न शिकलेल्या किंवा इतरांना न कळणाऱ्या भाषेत स्तुती करणे, असे सर्व प्रकार तेथे घडले.

दख्खनमध्ये वाढलेल्या कोणालाही हे दृश्य पाहून पहिल्यांदा काय आठवले असेल हे सांगायला नको. थरथर, घाम, आरोळी, बेभान डोलणे ही येरमाळ्याच्या यात्रेतही दिसणारी लक्षणे होती, आणि म्हणूनच बाह्य लक्षणावर निवाडा टाकणे केडगावात अशक्य होते. काही युरोपीय मिशनऱ्यांनी हा भावनेचा उन्माद ठरवला. काहींनी उलट टोक गाठून प्रत्येक कंपनात देवाचा हात पाहिला. याच कोड्याशी अमेरिकेत धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स १७४१ मध्ये झुंजला होता, आणि न्यू इंग्लंडमधील त्या काळच्या संजीवनाविषयी त्याने असा निष्कर्ष काढला होता की शरीराच्या हालचालींवरून आत्म्याचे काम खरे किंवा खोटे काहीच ठरत नाही. ख्रिस्ताविषयीचा आदर, शास्त्राची ओढ, पापाचा तिटकारा आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढते का, हे पाहावे लागते. रमाबाई तेथेच पोहोचल्या, पण स्वतःच्या वाटेने. भारतीय मुलींनी देवापुढे पाश्चात्त्य चर्चच्या शिस्तीत गप्प बसावे असा आग्रह त्यांनी धरला नाही, आणि अन्य भाषा किंवा रोगमुक्तीची दाने फेकून द्यावीत असेही म्हटले नाही. मात्र १९०७ मध्ये ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या नियतकालिकात त्यांनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव अत्यावश्यक खूण म्हणजे परिपूर्ण दैवी प्रीती, असे ठामपणे लिहिले. त्याच सुमारास पाश्चात्त्य जगात अन्य भाषा हाच त्या बाप्तिस्म्याचा आवश्यक पुरावा मानणारा पंथ जोर धरत होता, हे लक्षात घेतले म्हणजे केडगावातून दिलेल्या या उत्तराचे वजन कळते. खोलीत जाळ दिसला की नाही यावर वाद घालणे व्यर्थ आहे. त्या खोलीतल्या मुली नंतर एकमेकींशी कशा वागल्या, खोटे बोललेले कबूल केले का, मनात धरलेले वैर सोडले का, हे तपासता येते, आणि पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातली ‘आत्म्याच्या फळा’ची यादी, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांची, अशाच तपासणीसाठी आहे.

रमाबाईंचे समकालीन नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात पारखीचा हा प्रश्न तिसऱ्याच रूपात आला, तो म्हणजे सुस्थितीच्या मोहाच्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुता उभारली. मे १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याने ती फार वाढली नाही.

या परंपरेची गरज आज कमी झालेली नाही. मराठवाड्याच्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रार्थनासभा भरतात, तेथे आजाऱ्यांसाठी हात ठेवून प्रार्थना होते, आणि दारू सुटल्याच्या, कर्जातून सावरल्याच्या साक्षी दिल्या जातात. त्यांतल्या पुष्कळ साक्षींच्या मागे खरोखर बदललेली घरे आहेत. पण एखादा उपदेशक बरे करण्याची हमी देऊ लागला, त्यासाठी पैसे घेऊ लागला, आजाऱ्याचे औषध थांबवू लागला किंवा आपल्याला प्रश्न विचारणाऱ्याला देवाचा विरोधक म्हणू लागला, तर मंदिराच्या शिखरावरचा मोह त्याच्याबाबतीत यशस्वी झालेला असतो, मग त्याच्या तोंडी कितीही शास्त्रवचने असोत. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कारांतून लोकांना फसवणे, पैसे उकळणे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे यांना त्यात शिक्षा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. काही ख्रिस्ती मंडळींना या कायद्यात आपल्या प्रार्थनेवरचे संकट दिसते. ज्या परंपरेत येशूने शिखरावरून उडी टाकायचे नाकारले आणि रमाबाईंनी ज्वाळेपेक्षा प्रीतीला वरचे स्थान दिले, तिच्या वारसांना असे भय बाळगण्याचे कारण नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करून त्याला त्याच दिवशी धाराशिवच्या किंवा बार्शीच्या दवाखान्यात पोहोचवणारा पाळक कायद्याच्याही आणि शुभवर्तमानाच्याही कसोटीला उतरतो.